पानं भरपूर, फूल एखादंच: घरच्या हौदातली वॉटर लिली

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: नाशिकला बंगल्यामागच्या अंगणात ८ बाय ५ फुटांचा, अडीच फूट खोल सिमेंटचा हौद दिवाळीत बांधून घेतलात आणि लगेच भरलात. गुढीपाडव्याच्या सुमारास रोपवाटिकेतून ‘कमळ’ म्हणून पाच रोपं आणली आणि कुंड्यांसकट तळाशी ठेवली. मधोमध कारंजं आहे. आता पावसाळा तोंडावर आलाय. पानं येतात पण लहान, फूल एखादंच, पाणी हिरवंगार. दोनदा हौद उपसून झाला, तरी पुन्हा तेच. डासांवरून घरात रोज बोलणी बसतात. शिवाय कासच्या तलावातली कुमुदिनी आणि निळं कमळ लावता येईल का, हेही विचारलंय. एकेक घेऊ.

पहिली गोष्ट, फोटोतली रोपं कमळाची नाहीत, वॉटर लिलीची आहेत. पान कडेपासून देठापर्यंत चिरलेलं दिसतंय आणि पाण्यावर सपाट पडलंय. कमळाचं पान अखंड गोल असतं, देठ त्याच्या बरोबर मध्यावर जोडलेला असतो, आणि सुरुवातीची तरंगती पानं सोडली तर पुढची सगळी पाण्याच्या वर उभी राहतात. रोपवाटिकांमध्ये दोन्ही सर्रास ‘कमळ’ म्हणूनच विकतात. तुमच्या दृष्टीने हे बरंच झालं म्हणा. कमळाला दिवसभराचं कडक ऊन लागतं, आणि त्याने एकदा मुळं पसरली की बाकी कशाला जागा उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. लिलीच्या हौदात मातीचं पोट भरलेलं हवं आणि पाणी उपाशी हवं. तुमच्याकडे नेमकं उलटं झालंय. रोपवाटिकेतली ती काळी, भोकांची, सहा इंची कुंडी तुम्ही तशीच पाण्यात ठेवली. आत कोकोपीट आणि शेणखत असणार. जमिनीवरच्या झाडाला हे मिश्रण छान, पण पाण्यात कोकोपीट सुटतं, तरंगतं, आणि खतातला सगळा कस भोकांतून पाण्यात उतरतो. तो कस शेवाळाने खाल्ला. पाणी हिरवं झालं, आणि लिली चार मुठी चोथ्यात उपाशी बसली. लहान पानं आणि फूल नाही हे त्याचंच लक्षण. म्हणजे हिरवं पाणी आणि न येणारी फुलं या तुमच्या दोन तक्रारी मुळात एकच आहे.

हौद उपसल्याने म्हणूनच काही साधलं नाही. नळाचं किंवा बोअरचं ताजं पाणी भरलं की त्यासोबत नवे क्षार येतात, कुंड्यांतून खत झिरपतच असतं, ऊन थेट तळापर्यंत पोचतं, आणि पंधरा दिवसांत पाणी पुन्हा हिरवं. ते हिरवं पाणी लिलीला अपाय करत नाही. नीट लावणी झाल्यावर साठ-सत्तर टक्के पृष्ठभाग पानांनी झाकला की खालच्या शेवाळाला उजेड मिळत नाही आणि पाणी आपोआप निवळतं. याला महिना-दीड महिना जातो. तेवढा धीर धरायचा, हौद उपसायचा नाही. मोरचूद टाकायला सांगणारा कुणीतरी भेटेलच. ऐकू नका. मासे मरतील, आणि जास्त झालं तर लिलीची पानंही जळतील. तंतूचं, केसांसारखं शेवाळ आलं तर खरबरीत काठीला गुंडाळून ओढून काढा आणि झाडांच्या बुंध्याशी टाका.

मातीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मं यश इथेच असतं. लिलीला जड, चिकण, पाण्यात न विरघळणारी माती लागते. गच्चीवरच्या बागेसाठी आपण जी भुसभुशीत, निचऱ्याची माती तयार करतो, ती इथे कुचकामी. नाशिककडची साधी काळी माती चालते, फक्त निव्वळ काळी घेतली तर ती फार घट्ट बसते. दोन वाटे काळी माती आणि एक वाटा पोयटा, म्हणजे नदीकाठची गाळाची माती, किंवा जाडसर वाळू असं करा. कोकणातल्या मंडळींनी भातखाचरातली माती घ्यावी. चिखलणी होऊन होऊन ती आधीच पाण्यात बसायला तयार झालेली असते, तिच्यासारखी दुसरी नाही. तळ्यातला गाळही उत्तम, पण त्यातून गोगलगायी, जलपर्णीचे तुकडे आणि नको ती बियाणी घरात येतात. आणायचाच तर आधी उन्हात कडकडीत वाळवा, फोडा, चाळा. कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, गांडूळखत, भाताचं तूस यातलं काहीही घालू नका. हलकं ते तरंगणार आणि सेंद्रिय ते हवेविना सडणार. टब उपसताना कुजक्या अंड्यासारखा वास आला तर समजा की मातीत सेंद्रिय माल जास्त झालाय.

शेणखताबद्दल दोन मतं आहेत. अनेक जण टबाच्या तळाशी शेणखताचा थर देतात आणि त्यांना फुलंही येतात. मी देत नाही. खत वर्षभर मुरलेलं, काळं, बिनवासाचं आहे याची खात्री शहरात कोण देणार? पिशवीतून येतं ते बहुतेक अर्धकच्चं असतं. अगदी द्यायचंच तर तळाला पातळ थर आणि वर निदान पाच इंच माती.

कुंडीऐवजी हार्डवेअरच्या दुकानातलं प्लास्टिकचं घमेलं आणा, सोळा-अठरा इंच रुंद. लिलीची मुळं खोल जाण्यापेक्षा पसरतात, म्हणून रुंद आणि उथळ भांडं हवं. भोक एकही नको. बालदी सगळ्यात वाईट: खोल, अरुंद, आणि उचलताना नुसती कडीच हातात येते. घमेल्याचे कान दोघांना धरून उचलायला सोयीचे पडतात, हा फायदा ओलं घमेलं पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा कळेल.

लावण्यापूर्वी रोप कुंडीतून काढून पाण्याच्या धारेखाली मुळं स्वच्छ धुवा, सगळं कोकोपीट निघू द्या. पांढरी, टणक मुळं ठेवा, तपकिरी आणि मऊ झालेली कापा. जुनी पानं तीन-चार ठेवून बाकी काढा. ठेवलेलीही आठ-पंधरा दिवसांत पिवळी पडतील, घाबरू नका, नवी पानं नव्या मुळांवरच येतात. आता कंद बघा. आल्यासारखा आडवा, गाठीगाठींचा आणि एका टोकाला कोंब असलेला कंद असेल, तर ती थंडी सोसणारी, म्हणजे हार्डी लिली. गोलसर, लहान बटाट्याएवढा किंवा त्याहून छोटा कंद आणि त्याच्या डोक्यावर सगळ्या पानांचा झुबका असेल, तर उष्ण कटिबंधातली, ट्रॉपिकल. पानावरूनही ओळखता येतं: हार्डीची कड सहसा सपाट, ट्रॉपिकलची बहुतेक दातेरी किंवा लहरी. फुलाची जागाही वेगळी. हार्डीचं फूल पाण्याला टेकून उमलतं, ट्रॉपिकलचं वीतभर वर देठावर.

हा फरक जाणून घ्यायचा तो लावणीसाठी. हार्डीचा कंद आडवा सरकत वाढतो. म्हणून तो घमेल्याच्या कडेला लावायचा, शेपूट कडेकडे आणि कोंब मधल्या मोकळ्या मातीकडे, साधारण पंचेचाळीस अंशांत तिरका. मध्यावर लावलात तर सहा महिन्यांत समोरच्या भिंतीला धडकतो आणि बाहेर लोंबायला लागतो. ट्रॉपिकल आहे त्या जागी गोल वाढते, ती बरोबर मध्यावर. दोन्हींच्या बाबतीत एक नियम मोडायचा नाही: कोंब मातीच्या वर उघडा राहिला पाहिजे. कोंब गाडला गेल्याने सडलेल्या लिली मी जितक्या पाहिल्यात तितक्या किडीने मेलेल्या पाहिलेल्या नाहीत. माती हाताने दाबून घट्ट बसवा, काठापासून इंचभर खाली ठेवा, वर धुतलेली बारीक खडी पसरा आणि कोंबाभोवतीची जागा मोकळी सोडा. खडीमुळे माती ढवळत नाही आणि मासे उकरत नाहीत. हौदात सोडण्यापूर्वी घमेलं झारीने पूर्ण भिजवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. कोरडं घमेलं पाण्यात सोडलंत तर आतली हवा उसळून निम्मी माती वर येते.

खोलीचं गणित तुमच्या हौदाला लावून सांगतो. पाणी सव्वादोन फूट, म्हणजे २७ इंच धरू. घमेलं सात इंच उंच. ते थेट तळाशी ठेवलं तर मातीवर वीस-एकवीस इंच पाणी राहतं. नुकत्याच लावलेल्या रोपाला इतक्या खोलातून पान वर पाठवायला सगळी शक्ती खर्चावी लागते. म्हणून खाली भाजक्या विटांचे चार थर द्या, आडव्या ठेवलेल्या, म्हणजे साधारण बारा इंच. मातीवर आठ-नऊ इंच पाणी उरेल. पाच-सहा पानं पृष्ठभागावर आली की एक थर काढा, पुन्हा पंधरा-वीस दिवसांनी आणखी एक. मोठ्या जातीला शेवटी एकच थर ठेवा, लहान जातीला दोन. विटा जुन्या घ्या. सिमेंटचे नवे ब्लॉक नकोत, त्याचं कारण पुढे येतंय.

खताचं असं, की ते पाण्यात कधीच टाकायचं नाही, मातीत खुपसायचं. १९:१९:१९ सारखं विद्राव्य खत हौदात टाकणं म्हणजे शेवाळाला जेवायला बोलावणं. कृषी सेवा केंद्रात १०:२६:२६ हे दाणेदार खत सुटं मिळतं. चिकण माती घट्ट मळायची, लिंबाएवढा गोळा करायचा, अंगठ्याने त्यात खळगा पाडून एक लहान चमचा, म्हणजे पाचेक ग्रॅम, खत भरायचं, तोंड बंद करून गोळा सावलीत दोन दिवस वाळवायचा. भेगा पडल्या तर ओल्या बोटाने लिंपायच्या, नाहीतर खत तिथूनच गळतं. हा गोळा घमेल्यात कडेच्या बाजूला, कोंबापासून हातभर नसला तरी चार बोटं दूर, तीन-चार इंच खोल दाबायचा आणि वर माती थापायची. एका घमेल्याला महिन्याला एक गोळा. लावणीनंतर पहिले तीन-चार आठवडे काही द्यायचं नाही, नवी मुळं खताने भाजतात. फेब्रुवारी ते ऑक्टोबर चालू, थंडीत बंद. गोळे एकदम पंधरा-वीस करून डब्यात भरून ठेवले की वर्षाची बेगमी होते. विकत मिळणाऱ्या तयार गोळ्याही चालतात, पण त्यांचा फायदा सोयीपुरताच.

पान किती मोठं होतंय यावर लक्ष ठेवा. नवं पान आधीच्यापेक्षा लहान यायला लागलं की माती संपली किंवा घमेलं भरलं. पानं मोठी, गर्द, पण फूल नाही, तर ऊन कमी पडतंय. तुम्ही लिहिलंय की ऊन अकराला येतं आणि तीनला जातं. म्हणजे चार तास. लिलीला पाच-सहा तास हवेत. शिवाय मागचं अंगण उत्तरेला आहे, त्यामुळे आता मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर असताना जे ऊन मिळतंय ते डिसेंबरात मिळणार नाही. नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबरात भरदुपारीही वीस फूट उंच भिंतीची सावली जवळपास एकोणीस फूट पडते. हौद हलवता येत नाही, तेव्हा जाती निवडताना हे धरून चला. आंब्याची एखादी फांदी आड येत असेल तर ती मात्र छाटा.

कारंजं दिवसा बंद ठेवा किंवा कोपऱ्यात न्या. लिली मुळात संथ पाण्यातली. तरंगत्या पानाची श्वासाची छिद्रं वरच्या बाजूला असतात, आणि तिथेच सतत तुषार पडत राहिले तर पान लवकर डागाळतं, सडतं. कारंज्याची हौस संध्याकाळी दोन तास भागवा.

आता संख्या. ४० चौरस फुटांच्या हौदात पानांनी साठ-पासष्ट टक्के जागा झाकायची, म्हणजे पंचवीस-सव्वीस चौरस फूट. मध्यम जातीची एक लिली नीट पोसली की चार फूट व्यासाचं वर्तुळ घेते, म्हणजे साडेबारा चौरस फूट. दोन लिलींत तुमचा हौद भरला. फार तर तिसरी, एखादी बुटकी. पाच लावल्या तर दोन वर्षांत पानं एकमेकांवर चढतील, पाण्याच्या वर उभी राहतील आणि फुलं खाली दडतील. उरलेल्या तिघींना दोन-अडीचशे लिटरच्या वेगळ्या टबांत घाला किंवा वाटून टाका.

जातींबद्दल. कमी उन्हात फुलणाऱ्या मोजक्याच आहेत, आणि तुम्हाला त्याच हव्यात. पिवळी ‘क्रोमाटेला’ ही माझी पहिली शिफारस. फ्रान्समधल्या जोसेफ लातूर-मारलियाक यांनी ही १८८७ च्या सुमारास तयार केली. रंगीत हार्डी लिलींचा जो पसारा आज दिसतो त्याची सुरुवात त्यांच्याच रोपवाटिकेतून झाली, आणि चित्रकार मोने यांच्या जिव्हर्नीच्या तळ्यासाठी लिली तिथूनच गेल्या होत्या. इतकी जुनी जात, पण अजूनही चार तासांच्या उन्हात फुलते. पानांवर तपकिरी शिंतोडे असतात, त्यामुळे फूल नसतानाही बघण्यासारखी. दुसरी फिकट निळी ‘डॉबेन’. ही ट्रॉपिकल, छोट्या टबातही खूश, आणि हिच्या जुन्या पानाच्या मध्यावर, जिथे देठ चिकटतो तिथे, एक हिरवी गाठ येते. त्या गाठीतून नखाएवढी पानं फुटतात, खाली मुळं सुटतात, आणि आईच्या पानावर बसल्याबसल्याच कधी कधी त्या पिल्लाला फूलही येतं. ते पान देठासकट तोडून उथळ तसराळ्यातल्या चिखलावर दगडाने टेकवून ठेवलं की नवं रोप तयार. ‘निळं कमळ’ हवंय म्हणालात, तर हेच लावा. ऑनलाइन ‘निळ्या कमळाचं बी’, ‘सप्तरंगी कमळाचं बी’ म्हणून जे विकतात त्याच्या वाटेला जाऊ नका. खऱ्या कमळात निळा रंगच नाही. निळी असते ती लिली.

थायलंडच्या जाती आता आपल्याकडेही सर्रास मिळतात, ‘वनविसा’सारख्या ठिपक्यांच्या, जांभळ्या-गुलाबी. दिसायला देखण्या आहेत, पण नावाची चिठ्ठी आणि आतलं रोप यांचा मेळ बसेलच याची हमी कुणी देत नाही. फुलावर असताना बघून घ्या, नाहीतर स्वस्तातलं घ्या.

एक गोष्ट कुणी विचारत नाही आणि मग पस्तावतात: फूल उमलण्याची वेळ. दिवसा फुलणाऱ्या लिली सकाळी आठ-नऊला उघडतात आणि दुपारी तीन-चारला मिटतात. तुम्ही दोघंही नोकरीला जाणारे, सकाळी आठला घर सोडणारे. म्हणजे रविवार सोडला तर उघडं फूल तुम्हाला दिसणारच नाही. अशा घरात एक तरी रात्री फुलणारी हवी. आपली लाल देशी लिली तिन्हीसांजेला उघडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहापर्यंत उघडी राहते. संध्याकाळी चहा घेऊन बसलं की समोर, आणि सकाळी निघतानाही. तिचा पसारा मात्र मोठा आणि उन्हाची भूकही. तिला स्वतंत्र टबात, अंगणातल्या सगळ्यात उन्हाच्या जागी ठेवा.

एकेक फूल तीन-चार दिवस टिकतं, आणि दर दिवशी वेगळं असतं. पहिल्या दिवशी उघडलेल्या फुलात वाकून बघा. मध्यभागी वाटी असते आणि ती पातळ, चकचकीत द्रवाने भरलेली असते, भोवती पुंकेसर ताठ उभे. मधमाशी घसरून त्यात पडते, तिच्या अंगावरचे दुसऱ्या फुलाचे पराग धुतले जातात, आणि अधूनमधून एखादी बिचारी बुडतेही. दुसऱ्या दिवशी वाटी कोरडी झालेली असते, पुंकेसर आत झुकून तिच्यावर झाकण घालतात, आणि आता पराग मोकळे होतात. शेवटी फूल मिटून पाण्याखाली जातं. ते तिथे कुजू देऊ नका. देठ हाताने चाचपत मुळापर्यंत जा आणि तिथून खुडा. पिवळ्या पानांचंही तेच. वरचं पान तोडून देठ ठेवला तर तो खाली सडतो आणि पाण्याला खत मिळतं, म्हणजे पुन्हा शेवाळ.

डासांचं उत्तर सोपं आहे: गप्पी मासे. महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या हिवताप विभागाकडे चौकशी करा, तिथून ते बहुधा मोफत मिळतात. तुमच्या हौदात साधारण अडीच हजार लिटर पाणी आहे, त्याला दहा-पंधरा पुरतात. पुढे ते स्वतःच वाढतात. खायला काही घालू नका. पोट भरलं की अळ्या कशाला खातील, आणि उरलेलं अन्न पाण्यात कुजतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जायला एक दिवस उघडं राहू द्या आणि मग मासे सोडा. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले, तेव्हा जास्त झाले म्हणून गोदावरीत किंवा शेततळ्यात नेऊन सोडायचे नाहीत. कोई कार्प हौसेने आणाल तर लिली विसरा, ते कोंब उकरून काढतात. आणि घमेली, टब, विटांच्या फटी तपासताना हौदाबाहेरचं पाणीही बघा. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या बशीत, जुन्या टायरात, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये होतो. मासे असलेल्या हौदावर विनाकारण आळ येतो.

किडींत मावा सगळ्यात नेहमीचा. पानांवर आणि कळ्यांच्या देठांवर काळपट ठिपक्यांचा थर दिसतो. नळीच्या जोरदार धारेने पाण्यात पाडा, मासे फडशा पाडतात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. निंबोळी तेल किंवा साबणाचं पाणी इथे नको. तेलाचा पापुद्रा पानाच्या वरच्या छिद्रांवरच बसतो, आणि माशांनाही ते बाधतं. दुसरी कीड गमतीची आहे, म्हणजे नुकसान बघितलं नाही तर. पानाच्या कडेला लंबगोल, कात्रीने कापल्यासारखे तुकडे गायब होतात. नीट बघा, तो तुकडा पानाच्या खाली चिकटवलेला सापडेल आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये एका पतंगाची अळी पहुडलेली असेल. थोड्या असतील तर हाताने चिरडा. खूप असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिसची भुकटी, जी कृषी सेवा केंद्रात अळीनाशक म्हणून मिळते, ती पानांवर फवारा. माशांना तिचा त्रास नाही. खोड, म्हणजे कंदाचा कोंब, दुर्गंधी येत मऊ पडला असेल तर मात्र उपाय करत बसू नका. रोप माती-घमेल्यासकट बाहेर काढा, माती फेका, घमेलं धुऊन उन्हात टाका.

सिमेंटचं राहिलं. नवा हौद काही महिने पाण्यात चुना सोडत असतो आणि पाणी अल्कधर्मी होतं. लगेच भरल्यामुळे तुमच्या रोपांना सुरुवातीला याचाही फटका बसला असणार. तुम्ही दोनदा उपसलात त्याचा एवढा एक फायदा झाला. मत्स्यालयाच्या दुकानातून पाण्याचा सामू (pH) तपासायची पट्टी आणा. साडेसहा ते आठच्या दरम्यान असेल तर चालू द्या. त्याहून वर असेल तर आता येणाऱ्या पावसाचं पाणी हौदात उतरवा, त्यासारखं औषध नाही. बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरी पुटं चढतात, म्हणून वर्षभर जमेल तेवढं पागोळीचं पाणी साठवून तेच भर घालायला वापरा. उन्हाळ्यात पाणी रोज सेंटिमीटरभर तरी आटतं. ते थोडंथोडं भरत राहा, एकदम नको.

आत्ता जूनच्या तोंडाशी पुनर्लावणी करायला हरकत नाही. ढगाळ दिवसांत फुलं कमी येतील, पण मुळं बसतील आणि सप्टेंबरच्या उघडिपीत बहर दिसेल. नाशिकच्या थंडीत रात्री दहा अंशांच्या खाली उतरतात, तेव्हा ट्रॉपिकल लिली आक्रसते, कधी नुसता कंद उरतो. मेली समजून फेकू नका, फेब्रुवारीत फुटते. हार्डी मंदावते, पण हिरवी राहते. मुंबई-कोकणात हा प्रश्नच नाही. घमेलं भरलं, पानं उभी राहायला लागली की दोन-तीन वर्षांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये कंद काढा, कोंबासह तीन-चार इंचांचा तुकडा नव्या मातीत लावा, बाकीची म्हातारी शेपूट टाकून द्या.

कासच्या कुमुदिनीचं उत्तर नाही असं आहे. एक तर कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे आणि तिथून काडीही उचलायची नसते. दुसरं, तिथली कुमुदिनी ही लिलीच नव्हे. पानं लिलीसारखी दिसतात, पण पांढऱ्या पाकळ्यांना झालरीसारखे केस असलेलं ते इवलंसं फूल वेगळ्याच कुळातलं. तीच जात मैदानी तळ्यांतही वाढते आणि पाणवनस्पती विकणाऱ्यांकडे मिळू शकते. फक्त हौदात ती फार झपाट्याने पसरते, म्हणून वेगळ्या टबातच ठेवा.

विभागणीनंतर उरलेले कंद आणि नको असलेली पाणवनस्पती नदी-नाल्यात टाकू नका, जलपर्णीने काय केलंय ते गोदावरीत दिसतंच. वाळवून खतात टाका, नाहीतर वाटा. हार्डीचा कंद धुऊन, पानं कापून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत बांधला की आठवडाभर सहज टिकतो, कुरियरनेही जातो.